सायडरची फुसफुस

जपानच्या सायडरमध्ये सफरचंद नसतं. एवढं एकदा पचलं की पुढचे हाल सोसवतात. दुकानात 'साइदा' म्हणून हाती पडतो तो पाण्यासारखा नितळ, गोड सोडा. योकोहामाच्या परदेशी वस्तीत पहिल्यांदा जो 'शॅम्पेन सायडर' विकायला आला, त्यात अननसाचा आणि सफरचंदाचा निदान वास तरी होता. पुढे वासही गेला, नाव तेवढं राहिलं. साधारण तसाच सोडा गोटीच्या बाटलीत भरला की तो 'रामुने'. म्हणजे आपला गोटी सोडाच, पण तिथे बाटली बदलली की जातही बदलते. आणि ज्यात खरंच सफरचंद असतं, ज्याने कानशिलं गरम होतात, ते 'शीदोरु'.

तेव्हा घरी सफरचंदाचा सायडर करायचा म्हणजे जपानने दीडशे वर्षांत वगळलेला जिन्नस परत आत घालायचा. बरं, सफरचंदांना तोटा नाही. देशातली निम्म्याहून जास्त एकट्या आओमोरी प्रांतात पिकतात. अडचण आहे ती कायद्याची. पेयात 1 टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल झालं की जपानी कायद्याने ती दारू, आणि परवान्याशिवाय दारू केली तर 10 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 लाख येनपर्यंत दंड. त्यामुळे फळ आंबवायचं नाही. त्याचं सिरप करायचं आणि सोडा विकतचा घालायचा. बरणीत बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत आणि पेल्यातले जाऊ द्यायचे नाहीत, एवढंच काम. बुडबुड्यांचा बेत मात्र नेमका उलटा असतो.

सफरचंद घ्यावं ते 'कोग्योकु', म्हणजे जोनाथन. आंबट, लालभडक सालीचं, सिरपला गुलाबी झाक देणारं. पण ते शरदात थोडे दिवस दिसतं आणि गायब होतं. मग 'फुजी' घ्या. ते गोडच गोड, म्हणून वर अख्ख्या लिंबाचा रस लागतो. काही सफरचंदांची साल तेलकट लागते. ते फळाचंच नैसर्गिक मेण. साबणाने घासत बसू नका. धुऊन मात्र कोरडं पुसा, कारण थेंबभर पाणी राहिलं तरी बुरशीला आवतण गेलं म्हणून समजा.

बिया काढून, सालीसकट 500 ग्रॅम फोडी, अर्ध्या सेंटीमीटर जाडीच्या. तेवढीच, 500 ग्रॅम, खडीसाखर. होय, आपली प्रसादाची खडीसाखरच, तिथे तिला 'कोओरी-झातो' म्हणजे बर्फसाखर म्हणतात. जूनमध्ये उमेच्या, म्हणजे आंबट जपानी प्लमच्या, मोसमात ती दुकानाच्या दाराशी रचलेली असते, ऑक्टोबरात कोपऱ्यात शोधावी लागते. कंटाळून साधी साखर घालू नये. ती भसकन तळाशी बसते आणि तिथे चिखल होतो. खडीसाखर सावकाश विरघळते आणि तसतसा फोडींतला रस बाहेर ओढते.

2 लिटरच्या काचेच्या बरणीत एक थर फोडींचा, एक साखरेचा, सगळ्यात वर साखर, आणि त्यावर 50 मिलिलिटर व्हिनेगर. बरणी आधी कोमट आणि मग गरम पाण्याने धुवा. थेट उकळतं ओतलंत तर तळ सुटून हातात नुसती कडी राहील. आता खास मराठी चूक: बरणीला फडकं बांधून ती उन्हात ठेवायची. साखरलिंबाला ऊन मानवतं, याला नाही. ही बरणी गार सावलीत, आणि हवा उबदार असेल तर सरळ फ्रिजमध्ये.

पहिले तीन दिवस धोक्याचे. साखर अजून तळाशी, रस पातळ, आणि फोडी वर तरंगून कोरड्या पडलेल्या. सालीवरचं यीस्ट याच संधीची वाट पाहत असतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ बरणी आडवी करून हलवायची, प्रत्येक फोड ओली झालीच पाहिजे. तरीही वर बारीक फेस आला आणि झाकण उघडताना 'फुस्स' झालं, तर कौतुक करत बसू नका. फोडी काढा, सिरप स्टीलच्या पातेल्यात 80 अंशांच्या आसपास 15 मिनिटं ठेवा, फेस काढून टाका. उकळी मात्र नको. उकळलं की सफरचंद जातं आणि जॅमचा वास उरतो.

सात ते दहा दिवसांत साखर संपते, फोडी आजीच्या गालांसारख्या सुरकुततात. मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. पिळायचं नाही! पिळलं की गाळ उतरतो, आणि गाळाच्या कणाकणावर गॅसला सुटायला जागा मिळते. सगळा सोडा फेस होऊन टेबलावर.

हातात साधारण 600 मिलिलिटर सिरप येतं. पेल्याला 30 मिलिलिटर सिरप आणि 180 सोडा. बरेच जण एकास चार सांगतात, पण तो पाक होतो. सोडा 500 मिलिलिटरच्या छोट्या बाटलीतला घ्यावा, मोठी बाटली दुसऱ्या दिवशी निपचित पडते. आणि थंड म्हणजे खरोखर थंड. शून्य अंशाला एका लिटर पाण्यात 1.7 लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो, 20 अंशांना जेमतेम 0.9. म्हणून सोडा, सिरप, पेला, तिघेही रात्रभर फ्रिजमध्ये. बर्फावरची खरखरीत भुकटी पाण्याखाली धुऊन टाका, तिच्या टोकाटोकावर बुडबुडे फुटतात. पेला फडक्याने पुसू नका, धागे राहतात. आधी सिरप, मग बर्फ, मग सोडा, तोही पेला तिरका धरून काठाने. शेवटी चमच्याने तळातून एकदाच, हलकेच उचलायचं.

पाहुण्यांत एक जण असतोच, जो लांब दांड्याचा चमचा उचलतो आणि ताक घुसळावं तसा गरागरा फिरवतो. त्याला सायडर देऊ नये. उरलेल्या फोडींचा शिरा फार छान होतो, तो द्यावा.