निवृत्तीबरोबर निघून जाणारे ज्ञान

उच्च शिक्षणातील ज्ञान व्यवस्थापनाची, म्हणजे संस्थेत साठलेले ज्ञान जपून पुढच्यांच्या हाती देण्याची, अडचण मुख्यतः सॉफ्टवेअर आणि निधीची आहे, हे अलीकडे वाचलेल्या एका लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवत असताना आमच्या विभागप्रमुखांनी कास पठारावर कोणती जात कोणत्या आठवड्यात फुलली, याच्या अनेक वर्षांच्या नोंदी स्वतःच्या वह्यांत ठेवल्या होत्या. ते निवृत्त झाले, विभागाची जागा बदलली आणि त्या वह्या रद्दीत गेल्या. ती माहिती कोणत्याही प्रबंधात नव्हती. गेलेले हंगाम पुन्हा पाहता येत नाहीत, याचे दुःख मला आजही आहे.

प्रबंधांची व्यवस्था त्या मानाने बरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावर असे प्रबंध कोणालाही वाचता येतात. परंतु क्षेत्रभेटींची टिपणे, प्रयोगशाळेतील नोंदवह्या, एखादा प्रयोग का फसला याची माहिती, यांना असे हक्काचे घर नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेसाठी आपण कष्टाने कागदपत्रे जमवतो, पण ती समितीला दाखवण्यासाठी रचलेली असतात, पुढच्या शिक्षकासाठी नव्हे; आणि तो शिक्षक तासिका तत्त्वावर असेल, तर पुढील वर्षी आपण येथे असू की नाही, हेच त्याला ठाऊक नसते.

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या सत्रात प्राध्यापकांचे काही तास कमी करून त्यांच्या नोंदी ग्रंथपालांच्या मदतीने स्कॅन करून घ्याव्यात, एवढी व्यवस्था तरी प्रत्येक महाविद्यालयाने याच वर्षी सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.