चुंबकीय उपचार कधी आणि किती

खुब्याच्या अव्हॅस्क्युलर नेक्रोसिसवरच्या (रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, म्हणजे ‘बॉल’, मरू लागतो तो आजार) एका लेखात ‘चुंबकीय उपचाराने खुब्याचं ऑपरेशन टळतं’ असं सरसकट लिहिलंय. टळलं तर ते फिकाट स्टेज (या आजाराच्या पायऱ्या) १-२ मध्ये, म्हणजे बॉल गोल असेपर्यंत. एक्स-रेवर चंद्रकोरीसारखी रेघ दिसली की हाड आतून खचू लागलेलं असतं. मग चुंबकीय पल्स सोडणारी कॉइल खुब्यावर कितीही बांधा, उपयोग नाही.

इटलीतल्या अभ्यासात ७५ हर्ट्झचे पल्स, रोज ८ तास, साधारण ५ महिने असा डोस होता. क्लिनिकमधलं २० मिनिटांचं ‘मॅग्नेट’ म्हणजे तो उपचार नव्हे! रात्री कॉइल कपड्यांवरूनही चालते, पण कूस बदलताना मांडीवर घसरते; पट्टा कमरेलाही अडकवा. दुखणं कमी झालं की लोक कुबड्या सोडतात, तिथेच घोळ होतो. पेसमेकर किंवा गरोदरपण असेल तर नकोच. आणि एमआरआय दोन्ही खुब्यांचा करा, दुखत नसलेल्याचाही.