माळ्यावर सर्व्हर बसवताना घ्यायची काळजी

ठाण्यात घर झालं, हप्ते सुरू झाले, पार्किंगवरून सोसायटीत एकदा भांडून झालं, की माणसाला आपल्यात अजून काहीतरी कमी आहे असं वाटू लागतं. जे कमी असतं ते मत. राजकारणावरची मतं हल्ली सगळ्यांकडे असतात आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर घरपोच मिळतात, त्यामुळे तलावपाळीच्या कट्ट्यावर त्यांना काही भाव उरलेला नाही. तुम्हाला हवं ते असं मत, की जे ऐकून समोरच्याचा वडापाव तोंडापाशी थबकेल आणि तो म्हणेल, "हो का? मला वाटायचं नेटफ्लिक्स लावलं की झालं." त्यासाठी घरात मीडिया सर्व्हर लागतो, म्हणजे आपले सिनेमे साठवून ते टीव्हीवर नि मोबाइलवर पुरवणारं एक यंत्र.

क्रम मात्र चुकवू नका. आधी मत, मग खरेदी. आधी खरेदी केलीत तर वस्तू वापरून बघावी लागते, आणि वापरून बघितलेल्या माणसाचं मत मिळमिळीत होतं. "बरं आहे, पण…" म्हणणाऱ्याला कट्ट्यावर कोण विचारतं?

सुरुवात या वाक्याने करा: "सबस्क्रिप्शन म्हणजे भाड्याची खोली. मालकी ती मालकी." होम लोनची सतरा वर्षं बाकी असलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य विशेष शोभतं. सिनेमे आले कुठून असं कोणी विचारलंच, तर "जुन्या डीव्हीडी होत्या" म्हणा आणि खिडकीबाहेर बघा. विचारणाराही सभ्य असतो, तोही खिडकीबाहेर बघतो.

यंत्र कसलंही चालतं. भावाचा जुना लॅपटॉप, नाहीतर पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक. डिस्क मात्र मोठी घ्या. ४ टीबीची डिस्क लावलीत की विंडोज ३.६३ दाखवेल. लगेच दुकानदाराला फोन करू नका. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने. मधलं कुणी खाल्लेलं नसतं. तोळा मुळात ११.६६ ग्रॅमचा, सराफाकडे तो १० ग्रॅमचा झाला, तरी गोखले रोडवर त्यावरून कुणी गळा काढताना मी पाहिलेला नाही.

मग पंथ निवडा, म्हणजे सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर. एकदा माळ घातली की काढायची नाही. प्लेक्सवाल्यांना सोय प्यारी. २०२५ मध्ये त्यांचा लाइफटाइम पास १२० डॉलरवरून २५० वर गेला, तेव्हा ज्यांनी तो आधीच घेऊन ठेवला होता त्यांच्या चेहऱ्यावर, घोडबंदर रोडला वीस वर्षांपूर्वी फ्लॅट घेतलेल्या माणसाचं तेज आलं. जेलीफिनवाले फुकट वापरतात, पण फुकट म्हणत नाहीत, 'मुक्त' म्हणतात. २०१८ मध्ये एम्बी या तसल्याच सॉफ्टवेअरने आपला कोड झाकून घेतला, तेव्हा काही जणांनी डिसेंबरात वेगळी चूल मांडली, तीच ही जेलीफिन. कोकणातल्या माणसाला ही भाऊबंदकी एका वाक्यात कळते, नकाशा काढावा लागत नाही. आणि कोडी या सिनेमे लावायच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायची वेळ आली तर 'एक्सबीएमसी' म्हणा. ते नाव २०१४ मध्येच बदललं, म्हणून तर म्हणायचं. जुनी माणसं अजून 'व्हीटी' म्हणतात ना, तसं.

यानंतर रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकीसारख्या वापरायची पद्धत. रेड ५ मध्ये चार डिस्क असतील तर त्यातली एक मेली तरी उरलेल्या तिघी घर सांभाळतात. हे पाहुण्यांना सांगा. मग आवाज जरा खाली आणून सांगा, "पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे." कारण फाइल तुम्ही चुकून उडवलीत तर चारही डिस्क इमानाने ती उडालेलीच ठेवतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, असा नियम आहे. माझी घराबाहेरची प्रत डोंबिवलीच्या मावशीकडे आहे, असं मी गेली तीन वर्षं सांगतो. मावशीला विचारू नका.

विजेचा हिशेब यायला हवा. सगळं मिळून ४० वॅट धरले तर दिवसाला युनिटाला थोडं कमी, महिन्याला २९, वर्षाला ३५०. हा हिशेब कट्ट्यावर बोलायचा. घरात बोलायचा हिशेब वेगळा: तीन ओटीटींचे पैसे वाचले. ते तिन्ही अजून चालू असतात, पण ती नजरचूक.

खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारतीच्या इमारती उभ्या आहेत. तिथे लाइट गेली की जनरेटर घरघरतात. तुमच्याकडे लाइट गेली की यूपीएस टूं टूं करतो आणि आतून आई ओरडते, "ते आधी बंद कर." बारा मिनिटांनी ते आपोआप बंद होतं. तरीही ऑफिसात बोलताना 'माझं इन्फ्रा' असंच म्हणा.

डब्याच्या सुट्टीत घरचा सिनेमा मोबाइलवर लावून दाखवणं हा या साधनेचा कळस. बहुधा तो लागत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ वगैरेने सुरू होताना दिसला, तर समजा तुम्ही सीजीनॅटच्या चाळीत राहता: कितीतरी बिऱ्हाडांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता. आतून पत्र टाकलं तर उत्तर येतं, पण बाहेरून आपणहून आलेल्या पोस्टमनला खोली नंबर सांगायला जिन्यात कोणी नाही. यावर बाहेरून घरापर्यंत खासगी वाट काढणारा वायरगार्डचा बोगदा आहे, टेलस्केल आहे, आणि ते चालतात. म्हणूनच त्यांच्या वाटेला जाऊ नका. चालायला लागलं तर पोळीभाजी बाजूला ठेवून सिनेमा बघावा लागेल.

आता प्राणी. कुत्रा की मांजर हा निर्णय तुमचा नाही. सर्व्हर गरम होतो, त्यामुळे मांजर आपलं आपण येतं. कुत्र्यावर मात्र मतं असावीत. मे महिन्यात मानपाड्याला हस्की पाळणाऱ्याविषयी तर असावीतच: सैबेरियाचा प्राणी, दुहेरी केसांचा कोट, दिवसरात्र एसी. त्याचं बिल तुमच्या सर्व्हरहून जास्त येतं, हा मुद्दा घरी कामाला येतो.

कुत्र्याशी कुठल्या भाषेत बोलायचं याचा एक अलिखित नियम ठाण्यात आहे, तो पाळा. नौपाड्यातलं घर, चौकटीवर गणपती, आत अजून 'पानं घेतली' असं म्हणतात, पण लॅब्राडोरला "ब्रूनो, सिट. नो. गुड बॉय." आजोबांनी अख्खी नोकरी मराठीत काढली, तेही पट्टा धरून "कम, कम" करतात. मराठी राखून ठेवलेली असते ती रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी, आणि तीही एका शब्दापुरती: "हाड!" मी एकदा उपवनला एका ब्रूनोला "बस रे बाळा" म्हणालो. तो गोंधळून मालकाकडे बघायला लागला, मालक माझ्याकडे, आणि मी उगाचच "सॉरी" म्हणालो. तेही इंग्रजीतच.

आमच्याकडे मन्या आहे. पिवळा बोका, फ्रिजवरून कपाटावर आणि कपाटावरून बाथरूमच्या वरच्या माळ्यावर, हा त्याचा रस्ता. पावसाळ्यात सबंध घरात कोरडी आणि उबदार अशी एकच जागा असते, ती सर्व्हरची पाठ. महिन्यातून एकदा पंखा उघडावा लागतो. आत केसांचा नमदा झालेला असतो, बोटाने उचलला की अख्खा निघतो, टोपीसारखा.

मन्याचं जेवण मी रास्पबेरी पायला जोडलं. सकाळी सात, संध्याकाळी सात, मोटर फिरते आणि पंचवीस ग्रॅम दाणे वाटीत पडतात. हे तुम्हीही कराच, फक्त एक बारीक गोष्ट: माझ्याकडच्या जुन्या पायला बॅटरीवर चालणारं स्वतःचं घड्याळ नाही. लाइट गेली की तो शेवटची आठवणारी वेळ धरून बसतो आणि परत आली की इंटरनेटला विचारून सुधारतो. गेल्या जुलैत दुपारी चारला लाइट गेली, आठला आली, पण राउटर काही उठला नाही. पायच्या लेखी चारच वाजले होते. त्याचे सात वाजले तेव्हा आमच्याकडे रात्रीचे अकरा झाले होते. मोटर फिरली, दाणे पडले, मन्या माळ्यावरून उतरला आणि जेवला. तोवर आईने त्याला दोनदा घातलं होतं. सकाळची वाटी अकराला आली. त्याआधी परत आई. त्या पावसाळ्यात मन्या ठाण्याच्या वेळेने जेवला आणि पायच्या वेळेनेही जेवला. डॉक्टरांनी काट्यावर ठेवलं तर सहा किलो दोनशे.

"घरी याला खायला कोण घालतं?"

"ऑटोमेटेड आहे," मी म्हणालो. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते मला दाखवलं नाही.

मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, हेही मत बरोबर आहे. ते आईसमोर मांडू नका.

सर्व्हर झाला, मांजर झालं, आता बालपण राहिलं. जुन्या गेमांवरचं मत सगळ्यात सोपं: "आत्ताच्या गेममध्ये ती मजा नाही." याला पुरावा लागत नाही, पण थोडी माहिती पेरावी. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा, अख्खा गेम ४० केबी. काका रोज पहाटे पाठवतात तो सुप्रभातचा गुलाब याहून जड असतो. काँट्रा या गेममधल्या तीस जिवांचा कोड, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, पाढे विसरलेल्या माणसालाही झोपेत येतो. तो मूळचा काँट्रातला नाही, १९८६ च्या ग्रेडियस या गेममधला. काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरने तो घातला, कारण तपासताना तो गेम त्यालाच झेपत नव्हता. एवढं सांगून थांबा. लहानपणी आपल्या टीव्हीखाली होता तो निन्टेन्डो नसून १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची नक्कल होती, आणि '९९९९९९९ इन १' छापलेल्या कॅसेटमध्ये तेच ते वीसेक गेम नाव बदलून येत, हे कबूल करायची गरज नाही. फुंकरीचं तर अजिबात बोलू नका. कॅसेट अडली की आपण सगळ्यांनी गाल फुगवून फुंकर मारली. फुंकरीने काहीच होत नसे; काढून परत घातली म्हणून पिना टेकायच्या, आणि तोंडातला ओलावा तेवढा पिनांना लागायचा.

डक हंट या बदकं मारायच्या गेमची बंदूक माळ्यावरून काढाल तेव्हा खरा खर्च सुरू होईल. ती बंदूक टीव्हीवर काही सोडत नाही, टीव्हीकडे बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीतल्या डोळ्याला काळ्यानंतर पांढरं दिसलं की बदक पडलं. हे सगळं जुन्या डबा टीव्हीच्या वेळेला बांधलेलं. ५५ इंची नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा पोचतं, आणि तेवढ्यात बदकं अमर होतात. दर वेळी तो कुत्रा गवतातून डोकं वर काढून हसतो. त्याला 'सिट' म्हणून उपयोग नाही, 'हाड' म्हणूनही नाही. तेव्हा डबा टीव्ही हवा. आमचा २०१२ मध्ये भंगारवाल्याला दीडशे रुपयांत दिला होता, वर तीन जिने उतरवायला मी हातही लावला. परवा उल्हासनगरला तसलाच एक विचारला तर चार हजार. घ्या. घासाघीस केलीत तर तुमचं प्रेम खोटं ठरेल.

घरच्यांच्या मागण्यांकडे मात्र जपून बघा. आईचं माझ्याकडे तीन वर्षं एकच मागणं आहे. माझ्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट आहे, तिच्यात आजी मंगलाष्टकं म्हणते. आजीचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. कॅसेटच्या काचेतून टेपवर पांढरी बुरशी दिसते, खाडीकाठच्या हवेत ती धरतेच. ती पुसायची, एक चालणारा व्हीसीआर मिळवायचा, त्याचं चित्र संगणकात उतरवणारं एक कॅप्चर कार्ड आणायचं आणि रविवारची एक दुपार द्यायची. काम एवढंच. पण यात मत कुठे आहे? व्हीसीआरवाल्यांचे पंथ नसतात. पंचेचाळीस मिनिटांची मुंज चार टीबीच्या डिस्कमध्ये कोपऱ्यालाही पुरत नाही. कॅसेट सर्व्हरच्या शेजारी उभी करून ठेवावी, म्हणजे काम रांगेत आहे असं दिसतं.

आणि रविवारी वाशीहून भाचा आला, "मामा, मारिओ लाव ना" म्हणाला, की पूर्वतयारी ठेवा. कंट्रोलर टीव्हीला जोडला जाणार नाही. सर्व्हर नेमका अपडेट घ्यायला बसेल. तुम्ही त्याला हाशिमोतोची गोष्ट सांगाल; ग्रेडियसपर्यंत पोचायच्या आत तो मोबाइल काढेल आणि वायफायचा पासवर्ड मागेल. पासवर्ड मॅनेजर परक्याच्या हाती द्यायचा नाही हे आपलं पक्कं मत असल्यामुळे तो सर्व्हरवर असतो, आणि सर्व्हर अपडेट घेतोय. अशा प्रसंगासाठी २८ अक्षरांचा तो पासवर्ड एका कागदावर लिहून ठेवलेला आहे. कागद सर्व्हरच्या खाली आहे. सर्व्हरच्या वर मन्या आहे, आणि झोपलेल्या मांजराला उठवायचं नाही हे आईचं मत आहे.

स्टूल तेवढं आणून ठेवा. मांजरं दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतात. मन्या आत्ताच वर गेलाय.