‘खाऱ्या पाण्यात विरघळणारी’ फोमची जाळी

हापूसच्या हंगामात असा एखादा संदेश दरवर्षी मोबाइलवरून फिरतो आणि मी तो न वाचताच पुसून टाकतो. यंदाचा मात्र माझ्या चुलतभावाच्या घरी पोहोचला, आणि त्यावर विसंबून वहिनींनी गेल्या हंगामातल्या जाळ्यांचे एक अख्खे पोते गड्याकरवी वाघोटणच्या खाडीत ओतवले. संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: आंब्याला घालण्याची नवी जाळी मका आणि प्लास्टिक एकत्र करून बनते, ती खाऱ्या पाण्यात 90 दिवसांत विरघळते आणि माशांना खाद्य होते, जुनी जाळी एलपीजी भरून करतात व तो गॅस आंब्यात उतरतो, त्या जाळीत दोन-तीन प्लास्टिकची भेसळ असते, ती थर्माकोलच असल्यामुळे तिच्यावर बंदी आहे, आणि घरात उरली असेल तर खुशाल चुलीत घालावी.

ज्या विधानामुळे पोते खाडीत गेले, ते आधी घेतो. पाण्यात खरोखर विरघळणारा फोम अस्तित्वात आहे, हे मान्य केले पाहिजे. स्टार्चमध्ये थोडे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (पाण्यात विरघळणारे एक प्लास्टिक) मिसळून ते एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रातून दाबाने बाहेर काढले, की आतल्या पाण्याची डायच्या, म्हणजे यंत्राच्या टोकाशी असलेल्या साच्याच्या, तोंडाशी एकदम वाफ होते आणि माल कुरमुऱ्यासारखा फुलतो. पार्सलच्या खोक्यांत भरायला असे तुकडे वापरतात व ते पाण्यात टाकले की त्यांचा लगदा होतो. परंतु जो फोम पाण्यात विरघळतो, तो एप्रिल-मेमधल्या कोकणच्या दमट हवेत, घामेजलेल्या फळाभोवती, पेटीत टिकेल कसा, हा प्रश्न संदेश पुढे ढकलणाऱ्या एकालाही पडू नये याचे नवल वाटते. जाळीला ताण सोसावा लागतो, म्हणून ‘मक्याची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात स्टार्चबरोबर दुसरे पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखे लांब साखळ्यांचे द्रव्य, घालावेच लागते, आणि ते पॉलिमर कोणते यावर सारे अवलंबून आहे.

ते पॉलिथिन असेल, तर स्टार्चला पाणी आवडते, पॉलिथिनला नाही, आणि दोघांचा मेळ बसत नाही. स्टार्चचे कण पॉलिथिनमध्ये नुसते अडकून राहतात. सूक्ष्मजीव पुढे स्टार्च खातात, बुडबुड्यांच्या भिंतींना भोके पडतात, ऊन उरलेल्या पॉलिथिनला ठिसूळ करते आणि जाळीचा भुगा होतो. तांदळाच्या पिठात वाळू कालवून पाण्यात टाकली तर पीठ दिसेनासे होते म्हणून वाळू विरघळली असे कोणी म्हणत नाही. इथे तर वाळूच्या जागी तरंगणारे कण आहेत. माशांच्या पोटात हेच ‘खाद्य’ जाते.

ते पॉलिमर पॉलिलॅक्टिक आम्ल (वनस्पतींतल्या साखरेपासून बनवलेले प्लास्टिक) किंवा तत्सम कंपोस्ट होणारे असेल, तरीही खाडीचा मार्ग मोकळा होत नाही. आपल्याकडे अशा प्लास्टिकला आय.एस. 17088 हे मानक लागू आहे, आणि संदेश पाठवणाऱ्याने त्यातील चार ओळी जरी वाचल्या असत्या तरी हा लेख लिहावा लागला नसता. त्यातील कसोटी औद्योगिक कंपोस्टच्या ढिगाची आहे: सुमारे 58 अंश सेल्सिअस तापमानात 180 दिवसांच्या आत 90 टक्के सेंद्रिय कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर झाले पाहिजे, आणि 84 दिवसांनंतर 2 मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक उरता कामा नये. संदेशातले ‘90 दिवस’ बहुधा याच 90 टक्क्यांतून जन्मले असावेत. पॉलिलॅक्टिक आम्ल साधारण 60 अंशांच्या आसपास मऊ पडते आणि त्याच्या बऱ्याच खाली त्याचे विघटन फार मंदावते. आपल्या खाडीचे पाणी तिशीच्या आत-बाहेर असते, आणि तिथे ना ढिगाची ऊब असते, ना ढिगातले जिवाणू. तरंगणारी जाळी तर कांदळवनाच्या श्वासमुळांत अडकून बसते. ओहोटीच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा वहिनींच्या पोत्यातल्या बऱ्याच जाळ्या तिथेच सापडल्या, उरलेल्या भरतीबरोबर कुठे गेल्या ते कळायला मार्ग नाही.

गॅसचे विधान निम्मे खरे आहे. मी अशा कारखान्यात काही वर्षे काढली आहेत, त्यामुळे ते नाकारता येत नाही. कमी घनतेच्या पॉलिथिनचे दाणे वितळवून त्यात शंखजिऱ्याची बारीक पूड घालतात, म्हणजे बुडबुडे धरायला जागा मिळते, आणि दाबाखाली ब्यूटेन किंवा एलपीजी सोडतात. मग तो रस थंड करत करत डायपाशी आणतात, आणि बाहेर पडताच दाब सुटून गॅस फुगतो. घनमीटरला सुमारे 920 किलो भरणाऱ्या पॉलिथिनचा अशा रीतीने घनमीटरला अवघा 20 ते 30 किलो भरणारा फोम होतो. ताज्या मालात ज्वालाग्राही गॅस असतो व गोदामात त्यापासून आगीचा धोका असतो, ही भीती कामगाराने जरूर बाळगावी. परंतु काही दिवस-आठवड्यांत तो गॅस निघून जाऊन त्याची जागा हवा घेते; ती अदलाबदल होण्याआधी बुडबुडे आक्रसू नयेत म्हणून रसात ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट हे मेणासारखे द्रव्यही घातलेले असते. शिवाय आंबा पिकवतो तो इथिलीन, ब्यूटेन नव्हे. आणि पॉलिथिनच्या नावात इथिलीन आहे म्हणून जाळीने आंबा पिकत असता, तर आमच्या आजोबांनी आढी घालण्याचा खटाटोप केला नसता.

‘भेसळ’ या आक्षेपाची तर गंमतच आहे, कारण मक्याची मिसळ ज्याला अमृत वाटते, त्याच संदेशाला प्लास्टिकची मिसळ विष वाटते. पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या साखळ्या सरळ असतात, त्याचा रस ताणला की तुटतो व बुडबुडे फुटतात. त्यात लांब फांद्यांचे पॉलिथिन मिसळले तर रस ताण धरतो, आणि माल मऊ हवा असेल तर ईव्हीए हे रबरासारखे मऊ प्लास्टिक घालतात. ही भेसळ नसून कारागिरी आहे. तिचा खरा तोटा वेगळाच आहे व संदेशात तो नाही: मिश्र माल पुन्हा वितळवणे कठीण जाते, आणि स्टार्च असेल तर ते करपून सगळा घाणा नासवते. मुळात 1 किलो फोमला 40 लिटर जागा लागते, म्हणून भंगारवालाही तो नेण्यास नाखूश असतो.

थर्माकोल म्हणजे वाफेने फुगवलेले पॉलिस्टायरीनचे मणी. जाळी मुख्यतः पॉलिथिनची असते. 1 जुलै 2022 पासून लागू झालेल्या केंद्राच्या बंदीत सजावटीचे थर्माकोल, ताटे, पेले इत्यादी वस्तू आहेत. फळांच्या जाळीचे नाव त्या यादीत नाही. चुलीबद्दल एवढेच सांगतो की उघड्यावर अर्धवट जळणाऱ्या प्लास्टिकची काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड आधी चुलीपुढे बसलेल्या माणसाच्या छातीत जातात.

कंपोस्ट होणारे प्लास्टिक विकणाऱ्याजवळ केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असावे लागते. दादाने यंदाच्या ‘मक्याच्या’ जाळ्या ज्याच्याकडून घेतल्या, त्याला फोन करून आम्ही प्रमाणपत्राचा क्रमांक मागितला. पाच मिनिटांत त्याचे उत्तर आले: हाच संदेश.