घोट्यावरचा पट्टा कोठडीची जागा घेतो का?

अमेरिकेतल्या स्थलांतरितांविषयी एक विधान वारंवार पुढे पाठवले जाते: ‘कोठडीत डांबण्यापेक्षा घोट्याला जीपीएस पट्टा बांधून किंवा फोनवर ॲप देऊन माणसाला घरी पाठवणे माणुसकीचे आहे, खासगी कंपनी ते स्वस्तात करते, आणि पट्टा नसेल, तर लोक सुनावणीला फिरकत नाहीत.’

स्वस्ताईचा मुद्दा मला मान्य आहे. स्थलांतरितांना पकडणाऱ्या आणि कोठडीत ठेवणाऱ्या ‘आईस’ या अमेरिकी सरकारी यंत्रणेच्याच हिशेबाने कोठडीतल्या एका माणसावर रोज सुमारे १५० डॉलर खर्च होतात, पट्टा किंवा ॲपच्या देखरेखीवर दहा डॉलरही होत नाहीत. परंतु बचत तेव्हाच होते, जेव्हा कोठडीतली माणसे कमी होतात. २०२१च्या आरंभी देखरेखीखाली नव्वद हजारांहून कमी लोक होते. २०२२ संपताना ती संख्या साडेतीन लाखांच्या पुढे गेली आणि त्याच काळात कोठड्यांतली संख्याही वाढलीच. एरवी ज्यांना नुसती सुनावणीची तारीख देऊन सोडता आले असते, अशांच्याही मागे आता हजेरी लागली.

यात कंत्राटदाराचे हितसंबंध पाहायलाच हवेत. २००४ पासून हे काम बीआय इन्कॉर्पोरेटेड या कोलोरॅडोतल्या कंपनीकडे आहे, २०११ मध्ये ती जिओ ग्रुप (GEO) या खासगी तुरुंग चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीने विकत घेतली, आणि जिओ ग्रुप आईससाठी स्थानबद्धता केंद्रेही चालवतो. माणूस आत असो वा बाहेर, पैसे एकाच घरात जातात. देखरेखीचा मोबदलाही माणशी, दिवसागणिक ठरतो, त्यामुळे कोणाचा पट्टा लवकर सुटण्यात कंपनीचा काही लाभ नाही. आईस या कंत्राटावर पुरेसे लक्ष ठेवत नाही, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये नोंदवले आहे.

माणुसकीविषयी बोलायचे, तर तो पट्टा जवळून पाहावा. कित्येक पट्टे पायात असतानाच चार्ज करावे लागतात, म्हणून माणूस भिंतीतल्या प्लगपाशी वायरच्या लांबीएवढ्या जागेत बसून राहतो, आणि बॅटरी उतरू लागली की चारचौघांत पट्टा वाजतो. स्मार्टलिंक हे ॲप असेल, तर संदेश येताच स्वतःचा फोटो काढून पाठवायचा. त्यावरून चेहरा जुळवला जातो आणि ठिकाण नोंदले जाते. त्या वेळी नेटवर्क गेले, तर जीव टांगणीला लागतो.

शिवाय ही नोंद केवळ हजेरीपुरती राहत नाही, आणि मला सर्वांत गंभीर वाटते ते हेच. ऑगस्ट २०१९ मध्ये मिसिसिपीतल्या कोंबडी-प्रक्रिया कारखान्यांवर छापे घालून एका दिवसात सुमारे ६८० कामगारांना पकडण्यात आले. त्या छाप्यांसाठी न्यायालयात दिलेल्या शपथपत्रांत काही कामगारांच्या घोट्यावरच्या पट्ट्यांनी नोंदवलेली ठिकाणे पुरावा म्हणून मांडलेली होती. जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तर हजेरीच्या कार्यालयात बोलावून घेतलेल्यांनाच अटक झाली. नियम पाळून आलेला माणूसच सर्वांत सहज हाती लागतो, हे कळल्यावर पुढच्या तारखेला कोण निर्धास्तपणे येईल?

‘पट्ट्याविना लोक येत नाहीत’ या दाव्याला उत्तर खुद्द आईसच्या प्रयोगातच आहे. जानेवारी २०१६ ते जून २०१७ या काळात पाच महानगर क्षेत्रांत आश्रय मागणाऱ्या कुटुंबांसाठी एक कार्यक्रम चालला. त्यात घोट्याला काही बांधलेले नव्हते. समाजसेवक सुनावणीची माहिती समजावून सांगत आणि वकील, डॉक्टर, शाळा शोधायला मदत करत. हजेरीचे प्रमाण सुमारे ९९ टक्के होते. तो कार्यक्रम चालवणारी कंपनीही जिओ ग्रुपचीच होती. खर्च जास्त, असे कारण देऊन आईसने तो बंद केला.