तुपाचा रवा म्हणजे शुद्धतेचा दाखला नव्हे

सणासुदीच्या तोंडावर एक मजकूर हमखास फिरतो. तूप रवाळ असेल तर अस्सल, तळहातावर पातळ झालं तर अस्सल, वितळवून फ्रीजमध्ये ठेवल्यावर दोन थर दिसले तर भेसळ. आता त्याला शेपूट जोडलंय: 'वनस्पती तेलातल्या स्टेरॉलमुळे तुपाला रवा धरत नाही.' हे वाक्य शास्त्रीय वाटतं, म्हणून कोणी हटकत नाही. (स्टेरॉल म्हणजे तेला-तुपात अल्प प्रमाणात असणारा, कोलेस्टेरॉलच्या जातीचा पदार्थ.)

आधी रवा. तूप हा एकच एक पदार्थ नाही. निरनिराळ्या तापमानाला गोठणाऱ्या असंख्य मेदांचं ते मिश्रण आहे. कढवलेलं तूप ओट्यावर, साधारण 28-30 अंशांना सावकाश निवलं की जड मेद आधी गोठतात आणि दाणा मोठा होतो. तेच तूप गरम असतानाच फ्रीजमध्ये सारलं तर बारीक कण एकदम तयार होतात आणि तूप गुळगुळीत दिसतं. कढई एक, बरण्या दोन, रूपं दोन! त्यात म्हशीच्या तुपाचा रवा गाईच्या तुपापेक्षा ठसठशीत, आणि सरकी खाणाऱ्या जनावरांचं तूप आणखी कडक. सावकाश निववणं भेसळ करणाऱ्यालाही जमतंच.

तळहाताचं तर सोडाच. खोबरेल 24-25 अंशांनाच वितळतं, म्हणजे या परीक्षेत ते तुपाच्याही पुढे पास.

दोन थरांचं म्हणाल, तर वितळलेली तेलं-तुपं एकमेकांत पूर्ण मिसळतात. थंड झाली म्हणून खोबरेल वेगळं होऊन वर येऊन बसत नाही. उलट उन्हाळ्यात अस्सल तुपाच्या बरणीत खाली रवा आणि वर पिवळं पातळ तूप दिसतंच.

आता स्टेरॉल. नेहमीच्या खाद्यतेलांत ते बहुधा एक टक्काही नसतं. तुपात दहा टक्के तेल मिसळलं तर स्टेरॉल जेमतेम 0.1 टक्का, आणि एवढं मेदात विरघळून जातं. रवा बदललाच तर तो त्या तेलातल्या मेदांमुळे. स्टेरॉल भरपूर घातलं तर गोष्ट वेगळी: ते तेलात फारसं विरघळत नाही, त्याचे स्फटिक सुटतात आणि जिभेला कचकच लागते. 1995 मध्ये फिनलंडमध्ये कोलेस्टेरॉल कमी करणारं मार्गारिन आलं, त्यात स्टेरॉलचा भाऊबंद स्टॅनॉल मेदाम्लाशी, म्हणजे मेद ज्यांचा बनतो त्या आम्लाशी, जोडून घातला होता, तो याच अडचणीपायी.

गंमत अशी, की ज्याच्यावर रवा बिघडवल्याचा आळ, तेच स्टेरॉल भेसळ पकडून देतं. तुपात कोलेस्टेरॉल असतं, वनस्पती तेलात प्रामुख्याने बीटा-सिटोस्टेरॉल. प्रयोगशाळेत स्टेरॉल वेगळं काढून त्याचं ॲसिटेट, म्हणजे ॲसेटिक आम्लाशी जोडलेलं रूप, बनवतात. शुद्ध तुपाचं ते 115 अंशांच्या आसपास वितळतं. आकडा 117 च्या वर गेला की तेल मिसळल्याचं कळतं. जनावराची चरबी मिसळली असेल तर मात्र हा साक्षीदार गप्प, कारण चरबीतही कोलेस्टेरॉलच. तिथे मेदाम्लांची वेगळी तपासणी करावी लागते.