वजा पंचवीस हजारांची केळी

जळगावात प्रोग्रामिंग शिकायला आलो आणि लॅबमध्ये काय उघडलं, तर टर्बो सी! सी भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर, मूळ 1987 सालचं. नव्या विंडोजवर ते सरळ चालतही नाही, डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, कोंबून चालवावं लागतं. खिशातल्या मोबाईलवर याहून चांगला कंपायलर चालतो, पण लॅबमध्ये मोबाईल बंद.

सी भाषेवर राग नाही हं माझा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आजही मुख्यतः तिच्यातच आहे. राग आहे तो दर प्रॅक्टिकलला प्रोग्राम सुरू करायची 'व्हॉइड मेन' ही ओळ आणि स्क्रीन पुसायची 'सीएलआरएससीआर' ही आज्ञा घोकायला लावतात त्याचा. ते दुसरं तर सीच्या स्टँडर्डमध्येच नाही! तरी लिहिलं नाही की मार्क कट.

परवा केळीच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. 20 क्विंटल माल, 2000 भाव. उत्तर आलं, वजा 25536! म्हणजे केळी विकून शेतकऱ्यानंच व्यापाऱ्याला पैसे द्यायचे. टर्बो सीमधला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, 16 बिटांचा, 32767 च्या पुढे गेला की उलटा फिरतो. का, म्हणून सरांना विचारलं. "परीक्षेत एवढे मोठे आकडे येत नाहीत." अहो सर, केळीच्या रावेरला येतात ना!

वर हे सगळं जर्नलमध्ये हातानं उतरवायचं, आऊटपुटसकट. प्रोग्राम चालला का, हे कोणी विचारत नाही. समास आखलाय का, ते आधी बघतात.

पुढच्या सेमिस्टरला म्हणे पायथन. तोही वहीतच. त्यात ओळीआधीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, ती काय पट्टीनं मोजू?